तंबूतली भगर

तुरीची डाळ आणि ज्वारीची भाकरी यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. दोन्ही खाऊनच मी वाढलो. पण सलग बावीस दिवस, दोन्ही वेळा तेच पान समोर आलं की माणसाचा स्वभाव बिघडतो, हे मी सातपुड्यात डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या साखळीवाल्या चाचांनी एकदा भाकरी हातात धरून तिला पाच मिनिटं शिव्या घातल्या होत्या, आणि मग निमूटपणे खाल्ली होती.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीचा तो हिवाळा. तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, मोलगीच्या वरच्या अंगाला डोंगरात, राखीव जंगलाची हद्द नव्याने मोजायचं काम निघालं होतं. मी तापीकाठच्या शेतकरी घरातला, मराठी सातवी पास, हंगामी कारकून म्हणून लागलो. तंबूत आम्ही तिघं होतो. घाटावरून आलेले सर्व्हेअर साहेब, मोजणीची साखळी ओढणारे तळोद्याचे मुसलमान चाचा, आणि मी. स्वयंपाक येतो असं पहिल्याच दिवशी बोलून बसलो आणि चूल माझ्या गळ्यात पडली. साहेबांनी पहिल्या दिवशी माझी जात विचारून घेतली. दुसऱ्या दिवसापासून भूकच इतकी लागायची की तो विषय मागे पडला. चाचा आपलं पान घेऊन जरा लांब बसायचे. ते अंतरही रोज थोडं थोडं कमी होत गेलं.

सामान महिन्यातून एकदा बैलांवर लादून वर यायचं. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, लाल मिरच्या, लसूण, कांदे, तेलाचा डबा, गुळाची ढेप आणि मीठ. एवढ्यावर भागवायचं होतं. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात साहेब पानावर बसले की उसासा टाकू लागले. तिसऱ्यात मला स्वतःलाच स्वतःच्या हातचा वीट आला.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. जिन्नस बदलता येत नसेल, तर दातांना काम बदलून द्यावं. आज डाळ पातळ, भाकरी मऊ. उद्या तीच डाळ भिजवून, नाल्यातल्या सपाट दगडावर लसूण-मिरचीबरोबर भरड वाटायची, मुठीने वळायची आणि पातेल्यात गवताची चुंबळ ठेवून तिच्यावर वाफवायची. आमच्याकडे याला फुनके म्हणतात. परवा उरलेले फुनके कुस्करून तेलात परतायचे. शिळी भाकरी निखाऱ्यावर अशी भाजायची की कडकन मोडली पाहिजे. कांदा सालासकट राखेत पुरायचा. चाचांनी ठेच्यात गुळाचा खडा घालायला शिकवलं. मी आधी नाक मुरडलं, मग रोज घालू लागलो. एक दिवस तर नुसती बसायची जागा बदलली, तंबू सोडून नाल्यातल्या खडकावर पानं मांडली. साहेब म्हणाले, "आज डाळ वेगळी झाली आहे." डाळ तीच होती. साहेबांना फसवणं सोपं आहे असं मला त्या दिवशी वाटलं, आणि मी मनातल्या मनात खूप हसलो.

आमच्याबरोबर हद्दीचे दगड वाहायला आणि वाट दाखवायला जवळच्या पाड्यावरचा एक म्हातारा यायचा. काटक, कमी बोलणारा. घरी त्याची बोली वेगळी; माझ्याशी तो बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोलायचा. माझी ती दगडावरची वाटावाटी तो कितीतरी दिवस पाहत होता. एका दुपारी त्याने विचारलं, "रोज तेच का रे, भाऊ?"

"दुसरं काय शे, बाबा?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यात भगर घेऊन आला. आमच्या घरी भगर उपासाला लागायची, पांढरीशुभ्र, दुकानातली. ही तशी नव्हती. हातसडीची, जराशी तांबूस, आणि शिजायला लागली की तंबूभर वास सुटायचा. बरोबर पानाच्या पुड्यात आंब्याच्या वाळवलेल्या फोडी. मी डाळीत त्या फोडी टाकल्या आणि बावीस दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

रिकामा तुंबा परत कसा द्यायचा? मी त्यात मीठ भरलं. त्या डोंगरात मीठ सोन्यासारखं जपायचे. बाजारचा दिवस चुकला की घरं अळणी जेवायची. म्हाताऱ्याने तुंब्यात बोट घातलं, चाखलं आणि हसला. मग ते चालूच राहिलं. तुंबा येताना भगर आणायचा, जाताना मीठ न्यायचा. कोणी मोजत नव्हतं.

एकदा तो मला आपलं वावर दाखवायला घेऊन गेला. वरच्या नाल्यापलीकडे, बांबूच्या बेटामागे, डोंगराच्या घडीत लपलेला उताराचा तुकडा. भगर कापून झालेली, नुसती खुंटं उभी. मी साखळीबरोबर त्या डोंगरावरून तीनदा गेलो होतो, पण ते मला दिसलं नव्हतं. त्या वावराला कागद नव्हता. साहेबांच्या नकाशावर तिथे फक्त झाडं होती, आणि तशीच राहिली तर म्हाताऱ्याच्या घरात पुढच्या वर्षीही भगर येणार होती. वावर नकाशावर चढलं की ते राखीव जंगलात घुसून केलेलं ठरणार, आणि जाणार. हे मला पुरतं कळत होतं. मी कारकून होतो, बैल नव्हतो.

म्हातारा मात्र निर्धास्त होता. कोणाला सांगू नको, असं तो एका शब्दानेही म्हणाला नाही. त्यांच्यात ज्याने घरचं धान्य खाल्लं तो घरचा, हे मला नंतर कळलं. घरच्याला कोणी बजावतं का?

आता माझी चूक सांगतो. आमच्या तापीकाठी एक रीत आहे. पानात चांगलं धान्य पडलं की जेवणारा विचारतो, "कोना वावरनं शे?" आणि वाढणारा शेतकऱ्याचं नाव घेतो, वावर कुठे आहे ते सांगतो. हा त्या शेतकऱ्याचा मान. नाव सांगायला कुचरलात तर धान्य चोरीचं असावं असा अर्थ निघतो. माझे वडील तर गव्हाच्या पोळीवरून वावराचा बांधसुद्धा सांगायचे. लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण ते.

साहेब महिनाभर भगर चापून खात होते. पाड्यावरून येते एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मी भगर मोकळी शिजवली होती, वर लसणाची फोडणी, बाजूला आंबट डाळ. तिसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, "काय धान्य आहे हे! कोणाच्या शेतातलं रे?"

आणि मी सांगितलं. म्हाताऱ्याचं नाव, वरचा नाला, बांबूचं बेट, त्यामागची घडी. सगळं, अगदी कौतुकाने. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला त्या दिवशी लाज पण नव्हती. चाचांचा घास हातातच राहिला. माझ्या लक्षात आलं तेव्हा बोलून झालं होतं.

"साहेब, ते वावर..." मी चाचरत म्हणालो.

साहेब हसले. "घाबरतोस कशाला? मी सर्व्हेअर आहे, फौजदार नाही. पानावर ऐकलेलं नकाशावर जात नसतं." आणि हात चाटत म्हणाले, "अजून आहे का थोडी?"

माझा जीव भांड्यात पडला. या माणसाला मी दोनेक महिने हाताने वाढलं होतं. ताप आला तेव्हा भगरीची पेज करून पाजली होती. तेही मला धाकटा भाऊ म्हणायचे. चाचा मात्र भांडी घासताना हळूच म्हणाले, "भाऊ, जबानले लगाम लाव. साहेब आपला नही, साहेब कागदना शे." मी त्यांच्यावर चिडलो. माणसावर विश्वास ठेवायला शिका, असं काहीतरी मीच त्या पिकल्या माणसाला ऐकवलं. त्याची मला आजही शरम वाटते.

त्यानंतर तीन आठवडे साहेबांनी ती भगर रोज खाल्ली.

काम संपायच्या तीन दिवस आधी त्यांनी मला नोंदवही स्वच्छ उतरवायला दिली. मी उतरवत गेलो आणि एका पानावर हात थांबला. त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: वरच्या नाल्यापलीकडे, बांबूच्या बेटामागे, राखीव हद्दीत अनधिकृत लागवड. पुढे म्हाताऱ्याचं नाव. त्यापुढे रकाना होता, दाखवणाऱ्याचं नाव. त्यात माझं नाव होतं. गावासकट.

तारीख पाहिली. ज्या दिवशी मी सांगितलं तीच. म्हणजे हात धुऊन ते तंबूत गेले आणि शाई वाळायच्या आत परत येऊन पानसुपारी खात माझ्याशी गप्पा मारत बसले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी वही घेऊन तसाच त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, उलट समजूत घालू लागले. "अरे वेड्या, उद्या तपासणीला वरून कोणी आलं आणि हे सापडलं, तर माझी नोकरी जाईल. आणि तुझं नाव मी मुद्दाम घातलंय. वरिष्ठांच्या नजरेत येशील. पुढच्या हंगामात कायम होशील. तुझं भलंच केलं मी."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. मी वही त्यांच्या तोंडावर फेकून घरी निघून जायला हवं होतं. तेवढा ताप माझ्या डोक्यात होताही. पण कायम हा शब्द कानात पडला होता. मी खाली बसलो आणि ते पान उतरवून काढलं. साहेबांनी मला फसवलं हे खरं, पण त्या दिवशी मला कोणी फसवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वावराच्या वरच्या अंगाला हद्दीचा दगड बसला आणि वावर राखीव जंगलात गेलं. दगड वाहणाऱ्यांत म्हातारा होताच. कुठे जायचं ते वाटेत त्याच्या लक्षात आलं असणार, पण त्याने डोक्यावरचा दगड खाली टाकला नाही. दगड रचून झाला आणि साहेबांनी मला नोंद वाचून दाखवायला सांगितली. तसा नियम होता. ज्याच्याविषयी नोंद, त्याला त्याच्या भाषेत ऐकवायची आणि अंगठा घ्यायचा.

मी अहिराणीत वाचलं. नाला वाचला, बेट वाचलं, त्याचं नाव वाचलं आणि वही मिटली.

"पूर्ण वाच," साहेब म्हणाले. "दाखवणारा कोण ते राहिलं."

मी वही उघडली आणि स्वतःचं नाव वाचलं.

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. मी काहीतरी बडबडलो, मी दाखवलं नाही, नुसतं सांगितलं, तेही जेवताना, तुमचा मान म्हणून. त्याने विचारलं, "मान?" मी शाईची डबी पुढे केली. त्याने अंगठा उमटवला, खुंटांना पुसला आणि उतरून गेला.

शेवटच्या दिवशी सकाळी तंबू गुंडाळत असताना तो आला. हातात तुंबा होता. माझ्या वेड्या मनाला क्षणभर वाटलं, वाटेसाठी भगर आणली. त्याने तुंबा माझ्यापुढे ठेवला. आत मीठ होतं.

"हाई तुन्हं मीठ," तो म्हणाला. "आर्धं आमी खाई टाकं. ते आते कसं देऊ?"

त्याला खरोखरच पेच पडला होता. तो थोडा वेळ उभा राहिला, मी काही सुचवतो का याची वाट पाहत. माझ्या पोटात त्याची दोन महिन्यांची भगर गेली होती. ती मी कशी परत देणार? मग तो गेला. तुंबाही नेला नाही.

पुढच्या हंगामात मी कायम झालो. त्या डोंगरात परत मला पाठवलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

घरात उपासाला भगर होते, त्या दिवशी मी आपली डाळ-भाकरी मागून घेतो. तीच पातळ डाळ, तीच मऊ भाकरी. फुनके नाहीत, आंबट फोडी नाहीत. सून वाढताना म्हणते, "मामंजी, तेच तेच खाऊन तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

येतो. पण त्या कंटाळ्यापायी कोणाचं वावर गेलेलं नाही.