दोनशे वीस फेरे

त्या रविवारी माळावर काय झालं, ते तिथे असलेल्या प्रत्येकाने आपापल्या परीने गावभर सांगितलं. मला कोणी विचारलं नाही. म्हणून लिहितो.

माझी नाशकात बांबूची वखार होती. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून माल यायचा. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते मी बोलून, भांडून, घासाघीस करून. एकोणीसशे तीसच्या दशकातली ती वर्षं. एक दिवस एका शाळेतले चित्रकलेचे मास्तर वखारीत आले आणि त्यांनी काडीएवढ्या बारीक कामट्या मागितल्या. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, विमान करायचंय. मी हसलो. पण रविवारी बघायला गेलो, आणि पुढची चार वर्षं एक रविवार चुकवला नाही.

पांडवलेण्यांच्या अलीकडे तेव्हा मोकळा माळ होता. पहाटे, वारा उठायच्या आत, आम्ही सात-आठजण तिथे जमायचो. कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, पुढे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा पंखा. पोटातून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणलेल्या. पंखा उलटा फिरवून त्या रबराला फेरे द्यायचे आणि विमान सोडायचं. हातातून सुटलं की त्याच्यावर कोणाचा हुकूम नाही. एक ज्वारीत उतरलं ते कापणीलाच सापडलं. एक बैलगाडीतल्या कडब्यावर जाऊन बसलं, आणि आम्ही तिघं त्या गाडीमागे मैलभर धावलो. ज्याचं विमान मोडेल त्याला बाकीचे सामान द्यायचे. तिथे मला कोणी शेठ म्हणून वेगळं धरत नव्हतं. अशी जागा मला दुसरी नव्हती.

आमच्यातले सर्वांत वडील म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. नियम त्यांचाच: ज्याचं विमान त्याने फेरे द्यायचे नाहीत. मालकाला हाव सुटते आणि रबर तुटतं. मालकाने विमान दोन्ही हातांनी धरायचं, आकडा सांगायचा. फेरे दुसऱ्याने मोजून द्यायचे.

माळाच्या टोकाला नाला होता. तो कोणाचंच विमान ओलांडू शकलं नव्हतं. मास्तरांनी सबंध पावसाळा खपून एक विमान केलं, दोन हात लांब पंखांचं, आणि त्या रविवारी फेरे द्यायला मला उभं केलं. बाकीची मंडळी नाल्याकडे जाऊन थांबली होती.

मास्तर म्हणाले, एकशे ऐंशी. मी म्हणालो, एवढ्यात नाला ओलांडला जायचा नाही, अडीचशे देतो. ते म्हणाले, रबर जुनं आहे, फार तर दोनशे. मी म्हणालो, "दोनशे वीस. ठरलं." आणि फिरवायला लागलो.

दोनशे बाराव्या फेऱ्याला रबर तुटलं. सांगाडा पोटातून फाटला आणि कामटीचं टोक मास्तरांच्या उजव्या तळहातातून आरपार गेलं. कागदावर रक्त पसरत होतं ते मी बघत राहिलो.

चाचा धावत आले. आकडा किती ठरला होता, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मान खाली घालून हाताला रुमाल बांधत होते, काही बोलले नाहीत. चाचा मला म्हणाले, "शेठ, रबराशी सौदा करत होतात काय? माफी मागा त्यांची."

माझं डोकं फिरलं. आकडा दोघांत ठरला होता, मग माफी एकट्याने का? तसं म्हणालो, आणखीही बरंच बोललो, आणि निघून आलो.

मास्तरांची करंगळी आणि शेजारचं बोट पुन्हा पूर्ण मिटली नाहीत. वर्षभराने ते वखारीत आले. नवं विमान करायचं होतं, कामट्या हव्या होत्या. मी त्या काढून दिल्या आणि वर्षभर मनात धरलेलं विचारलं. आकडा तुम्हाला कबूल होता, मग चाचांपुढे गप्प का बसलात?

ते शांतपणे म्हणाले, "मी दोनशे म्हणालो होतो. पुढचं 'ठरलं' तुम्हीच म्हणालात."

"मग नाही म्हणायचं होतंत. हात तुमचे रिकामे नव्हते, तोंड तर होतं."

"तुम्हाला नाही म्हणून कोणाचं चाललंय, शेठ? आणि चाचांना तरी काय सांगायचं होतं? मीही थोपवलं नाही, हे खरंच."

बाजारात समोरचा गप्प राहिला की मी तो होकार धरत आलो. त्यावरच वखार उभी राहिली. आजही माझं म्हणणं आहे की थोपवलं नाही एवढं तरी त्यांनी तिथे, सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. दुकानात, माझ्या एकट्यापुढे, ते बोलून काय उपयोग? पण ते दोनशेच म्हणाले होते, हेही मला आठवतं.

जाताना ते म्हणाले, रविवारी या, माफीचं कोणी काढणार नाही. मी गेलो नाही. गेलो असतो तर फेरे द्यायला दुसरा कोणी उभा राहिला असता आणि मला लांबून बघावं लागलं असतं. त्या हिवाळ्यात मास्तरांचं विमान नाल्यापलीकडे उतरलं. ते मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं.