माधवदादांचं नाक

माधवदादा गाडीमागं उकिडवे बसत, धूर ओंजळीत घेत आणि अत्तर हुंगावं तसा डोळे मिटून हुंगत. मग सांगत, "आज बाईसाहेब पेट्रोल जास्त प्यायल्यात," नाहीतर, "आज उपाशी हाय." तिसऱ्या हाताची जुनी मोटार, पण दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नसत. पडेगावात आमची भिंतीला भिंत. शहराभोवती तेव्हा कारखाने उगवत होते, त्यातल्याच एकात दादा रंगखात्यात होते.

त्यांची आई, सोनामाय. नामांतराच्या आंदोलनात गावाकडचं घर जळलं, तेव्हापासून ती लेकाकडे. तिनं मनाशी धरलं होतं, नाव लागल्याबिगर विद्यापीठाच्या कमानीखालून जायचं नाही. वाट बघता बघता तिचे डोळे गेले. शेवटी नाव लागलं, तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्या दिवशी सकाळीच माय म्हणाली, "आज ने लेकरा, उद्याचं काय खरं नाय."

रिक्षाचे धक्के तिला सोसणार नव्हते. मायला मागच्या सीटवर आडवं केलं, तर गाडी चालू होई आणि बंद पडे. दादा मागं जाऊन हुंगत, पुढं येऊन कार्बोरेटरचा स्क्रू पिळत, तसतशी गाडी आणखीच खोकायची. मला भिंतीअलीकडून पेट्रोलचा भपकारा येत होता. मी जाऊन तसं सांगितलं. दादांनी स्क्रूवरचा हात काढला.

"मला येत नाय, ताई. रंगात नाक कधीच गेलं. वरीस झालं, नुसतं हुंगल्यासारखं करतो. मायला नको सांगू. तिचे डोळे गेले, माझं नाक. म्हणंल, घरात राहिलं काय."

मग मी गाडीमागं उकिडवी बसले. मी हुंगायचे, सांगायचे. दादा पाव-पाव आटा फिरवायचे. हळूहळू वास विरला. इंजिन झोपेतल्या मांजरासारखं घुरघुरू लागलं. मी मायचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसले.

कमानीपाशी माणसंच माणसं, निळा गुलाल, फुलांचे हार. गाडी तरंगत गेल्यासारखी आत गेली. मायनं मान उचलली. "झेंडूचा वास येतोय रे. तुला येतोय का?"

"व्हय माय, लई येतोय."

आरशात दादांचे डोळे मला दिसले. मी बाहेर बघू लागले.

माय त्याच आठवड्यात गेली. दादांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

परवा माझ्या जुन्या गाडीत इंजिनच्या बिघाडाचा दिवा पेटला. ऑक्सिजन सेन्सर गेलाय, गॅरेजवाले म्हणाले. धुराचा अंदाज घेणारं गाडीचं नाकच ते. मी स्वतःच बदलायला बसले. गाडी गार होऊ दिली, वायरची चिमटी सोडवली, आट्यांवर तेल सोडून पान्यानं जुना काढला. टोक काजळीनं काळं झालं होतं. नवा आधी हातानं फिरवून मग आवळला.

दिवा विझला. तरी मागं जाऊन उकिडवी बसले, धूर ओंजळीत घेतला आणि डोळे मिटले.

"येतोय, दादा," म्हटलं.