फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, नावं विचारायला

मागच्या दिवाळीला आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये फजिती झाली. आम्हा बंजाऱ्यांत पाडव्याच्या सकाळी धबुकार करतात. निखाऱ्यांवर तूप आणि लापसीचा घास सोडायचा आणि गेलेल्या पूर्वजांची एकेक करून नावं घ्यायची. बापू, म्हणजे माझे वडील, दरवर्षी शेजाऱ्यांच्या तोंडाकडे न बघता बाल्कनीत मातीच्या ताटलीत कोळसे फुलवायचे, पण नावं मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. ते गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी. याडीनं, म्हणजे आईनं, लापसी केली, मी निखारे केले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. नावंच ठाऊक नव्हती! मी आजोबांचं तेवढं घेतलं. नुसता धूर झाला.

नावं माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं: बापूंचे काका, किसनदादा. वय ऐंशीच्या पुढं. म्हटलं, यंदा दिवाळीला त्यांच्याकडे तांड्यावर जायचंच. याडीचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, म्हणून एकटीच निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. पुण्याहून पुसदला ट्रॅव्हल्स आहेत, पण दिवाळीत भाडं दुप्पट होतं, तेव्हा तिकीट महिनाभर आधी काढा. सकाळी पुसदला उतरलात की स्टँडबाहेर आलूबोंडा आणि तर्री खा. ही तर्री गोडबोली नाही, नाका-डोळ्यांतून पाणी काढते, पण रात्रभराचा आंबलेला जीव ताळ्यावर येतो. तिथून एसटीनं महागाव आणि पुढं फुलसावंगी. महागावच्या पुढं रस्ता पाठीची परीक्षा घेतो. दोन्हीकडे कापूस फुटलेला, मधेच पिवळ्या फुलोऱ्याची तूर. फुलसावंगीहून तांड्यापर्यंत ऑटो. ऑटोवाल्यानं कुठल्या म्हणून विचारलं तर माझ्या तोंडून पटकन ‘पुण्याची’ निघालं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

किसनदादांच्या बायकोनं, आमच्या दादीनं, आल्या आल्या ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवून मी लिंबाखाली दादांसमोर वही उघडून बसले, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, दादा, नावं सांगा.

दादा सगळं बोलले. त्यांच्या आजाचे आजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, पुढच्या बैलाच्या घंटेवर सगळा तांडा चालायचा, मग रेल्वे आली, धंदा बसला आणि पाण्याजवळची ही जागा बघून नांगर हाती घेतला. नावं मात्र एक सांगतील तर शपथ! मी तीनदा विचारलं. खरं सांगते, रागच आला. एवढ्या लांबून हाडं खिळखिळी करून आले होते मी.

मग ते वहीकडे बघत म्हणाले, “बेटा, नाव घेतलं का थे येतात. आता आले तं काय देशीन त्याह्यले खायले? तुह्या हातात तं वही हाये.”

मी वही मिटली. पण दुपारभर त्यांनी मला दोनदा आत्याच्या नावानं हाक मारली होती आणि डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधला होता. उद्या निखाऱ्यांपुढं बसल्यावर एखादं नाव सुटलं तर? ते मग कुणालाच सापडणार नव्हतं.

संध्याकाळी तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागायला निघाल्या. ही बिनलग्नाच्या पोरींची रीत. मी सत्तावीस वर्षांची घोडी, मागं सरकले, तर एकीनं लग्न झालंय का विचारलं आणि नाही म्हणताच हातात दिवा ठेवला. सगळ्या खिदळल्या. खूप दिवसांनी मीही हसले.

सकाळी चुलीसमोर निखारे ओढले. दादांनी हातात घास घेतला, डोळे मिटले आणि न अडखळता म्हणाले, “थावरा. सोमला. धेना. लछमा. हरसिंग.” एकेका नावाला एक घास, वर तुपाची धार, आणि भप्पकन जाळ. हरसिंग म्हणजे माझे आजोबा. तिथं दादा थांबले. मला वाटलं, झालं, विसरले. त्यांनी पुढचा घास माझ्या तळहातावर ठेवला.

“पुढचं तू घे. मले नाही घेनं होत. माह्या खांद्यावर खेळलेला पोरगा व्हता थो.”

बापूंचं नाव मी आजवर फक्त फॉर्मवर लिहिलं होतं. “मोहन,” मी म्हटलं. घास सोडला. जाळ झाला आणि मी दादीच्या कुशीत शिरून ढसाढसा रडले. वर्षभर अडकलेलं सगळं तिथं बाहेर आलं.

मुक्कामाची सोय तांड्यावर नाही, नातेवाईक नसतील तर पुसदलाच लॉजवर राहा. बाकी ऑटो, एसटी, चहापाणी धरून फार खर्च येत नाही. दुपारचं रेकॉर्डिंग म्हणाल तर त्यात कोंबड्याचं आरवणं तेवढं ठळक आलंय. पण मला आता त्याची गरज नाही.

घरी पोचल्या पोचल्या याडीनं विचारलं, मिळाली का नावं? मी म्हटलं, रिकाम्या हातानं सांगता येत नाहीत, लापसी कर. सण सरला होता, तरी तिनं केली. बाल्कनीत ताटली ठेवली. पाच नावं मी घेतली, पाच घास सोडले आणि सहावा याडीच्या हातावर ठेवला.

तीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना ‘ऐकलं का’ याखेरीज हाक मारली नव्हती. कोळसे विझायला लागले तशी मी फुंकर घातली.

“मोहन,” ती म्हणाली, जेवायला बोलवावं तशी.