वाकडा भोपळा आणि अर्धं वचन

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीनंतर विसरूनच गेले. त्या चुकांची माफी मागते. बाकी जे लिहिलंय त्याची मागणार नाही.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं. निजाम जाऊन काही वर्षं झाली होती, त्याचा हाली रुपयाही बाजारातून नुकताच गेला होता. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, देऊळ पत्र्याचं. सुगी झाली की ज्याच्या घरी जे पिकलं ते देवापुढं आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. बोली तेव्हाच करायची, पैसे पुढच्या सुगीपर्यंत द्यायचे, असा रिवाज.

एका साली मी परसातल्या वेलाचा लाल भोपळा नेला. एका बाजूनं दबलेला, वाकडा. मंडळीचे मुख्य पंच लिलाव करत. ते माझे मामेसासरे, मी त्यांना मामा म्हणे.

"हा भोपळा हाय का उंटाची पाठ?" मामांनी तो उंच धरला. "चार आणे तरी कोण देतंय का?"

सगळे हसले. मी पदर तोंडावर ओढला. तेवढ्यात माझे मालक उठले. गवंड्याच्या हाताखाली दगड उचलणारा माणूस तो.

"अकरा रुपये!"

"अरं, तुझाच भोपळा की तो!"

"असू द्या. माझ्या बायकोनं आणलाय."

मामाही इरेला पेटले, स्वतःच बोली लावत वीसपर्यंत गेले. मालकांनी एकवीस म्हटलं आणि आमचाच भोपळा बगलेत मारून घरी आणला. वाटेत आम्ही दोघं किती हसलो! चार दिवस त्याचीच भाजी खाल्ली.

पुढं पावसाळ्यात मालक तापानं गेले. एकवीस रुपये तसेच राहिले.

सुगी आली. मी रिकाम्या हातानं गेले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी एका भाकरीतलं खायचं आणि एका प्याल्यातला द्राक्षरस प्यायचा. त्यासाठी महिन्यातून एकदा सायकलवर येणारे पाळकसाहेब आले होते. भाकर मोडायच्या आधी मामा उठले. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं वचन त्यांनी वाचलं, की कोणाच्या देण्यात राहू नका. आणि पवित्र शास्त्र मिटलं.

"सूनबाई, देवाचं देणं फेडल्याबिगर प्याल्याला हात लावायचा न्हाय. मागं जाऊन बसा."

मी मंडळीत कधी तोंड उघडलं नव्हतं. प्रार्थनासुद्धा मनातच करायची. पण ते वचन लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत मी पाठ केलं होतं. मी उभी राहिले.

"मामा, वचन अर्धंच वाचलं तुम्ही."

"काय म्हणालीस?"

"फुडं हाय की. एकमेकांवर प्रीती करायची, तेवढंच देणं ऱ्हाऊ द्यायचं. ते तापानं पडले तवा ह्या देवळातलं कोण आलं आमच्या उंबऱ्याशी? माझ्याकडं एकवीस रुपये ऱ्हायलेत, ते मी देईन. तुमच्याकडं काय ऱ्हायलंय ते तुम्ही बघा."

"खरं हाय की वो," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

मी मागं गेले नाही. पुढं जाऊन गुडघे टेकले आणि हात पसरला. पाळकसाहेबांनी मामांकडं बघितलं, मग माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला.

बाहेर मामांनी मला गाठलं. "जाऊ दे पोरी. माफ केले तुझे एकवीस. आता ह्याचा बोभाटा नको."

"माफी नको, मामा. माझ्या माणसानं केलेली बोली हाय ती."

तेव्हापासून त्या वचनाचा मला कळलेला अर्थ एवढाच. पैशाचं देणं एक दिवस संपतं. प्रीतीचं आज दिलं तरी उद्या पुन्हा तेवढंच असतं. माझं फिटलं म्हणून कुणी पुढं बसावं आणि दुसऱ्याला मागं धाडावं, असं ख्रिस्ताच्या मंडळीत कुणालाच करता येत नाही. पंचालाही नाही.

मग मी लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायला लागले. बोटांना भोकं पडली. एका वाकळेचे पैसे घरात, दुसरीचे देवळात, असं चालू ठेवलं. मामा आजारी पडले तेव्हा त्यांच्यासाठीही एक शिवून नेली, तिचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी ती पायांवर ओढून घेतली.

पुढच्या सुगीला मी पुन्हा भोपळा नेला. तोही वाकडाच. मामांनी दोन्ही हातांनी घेऊन तो प्रभुभोजनाच्या मेजासमोर ठेवला. लिलावाआधी मी सगळ्यांसमोर शेवटचे दोन रुपये त्यांच्या हातावर ठेवले, त्यांनी ते पेटीत टाकले, आणि माझ्या मालकांचे एकवीस रुपये पुरे फिटले.