आईला आवतण

सिस्टरबाई रिकाम्या खुर्चीची माफी मागायच्या. केर काढताना झाडू लागला की "लागलं का ओ?" म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. त्या नर्स नव्हत्या. नगरच्या एका दवाखान्यात जन्मभर आयाचं काम केलेलं, गळ्यात क्रूस, पदर कायम खोचलेला. माझ्या वडिलांचं, आबांचं, अर्धं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा काष्टी गावातल्या घरी त्यांची उस्तवार करायला त्या आल्या आणि आमच्याच होऊन गेल्या.

ती खुर्ची आईची. आईला जाऊन बारा वर्षं झालेली. सिस्टरबाईंनी तिला पाहिलंही नव्हतं. पण दुपारी आबांना भरवताना त्या खुर्चीकडे बघून विचारायच्या, "आज मीठ जास्त झालं का?" मग जरा थांबून मान हलवायच्या. एरवी तोंड घट्ट मिटून घेणारे आबा तेव्हा मुकाट जेवायचे. मी पुण्याहून शनिवारी यायचे, हे सगळं बघून मला हसू यायचं.

एका शनिवारी मी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच त्या म्हणाल्या, "ठकूताई, आधी हातपाय धुवा." ठकू मला फक्त आई म्हणायची, तेही चारचौघांत नाही.

"हे नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच की," खुर्चीकडे हात करून त्या भाकरी थापायला गेल्या. त्या दिवशी मला घास गेला नाही.

मेलेल्या माणसाशी बोलणाऱ्या बाईच्या हवाली बापाला किती दिवस ठेवायचं? मी नगरला एक चांगलं नर्सिंग होम पाहिलं. डॉक्टर, व्यायाम करून घेणारी माणसं, सगळं होतं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, आणि त्या भीतीला आबांची काळजी म्हणत होते. निघताना आबांनी चांगल्या हातानं दाराची चौकट धरली. एकेक बोट मी सोडवलं. सिस्टरबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या आईला सांगा तरी. आवतनाबिगर त्या कुठं जायच्या न्हाईत."

हे मात्र खरं होतं. आई सख्ख्या भावाकडेही आवतण आल्याशिवाय कधी गेली नाही. तरी मी खुर्चीला काही न सांगता गाडीत बसले.

नगरला आबांनी अन्न सोडलं. आता नळी घालावी लागेल, प्रवास तर नकोच, असं डॉक्टर म्हणाले. मी सिस्टरबाईंना फोन करून रडले. "चावी माझ्यापाशीच हाय. या तुमी आवतन द्यायला," त्या म्हणाल्या. भर दुपारी आम्ही दोघी बंद घरात शिरलो. खुर्चीच्या हाताला मी कुंकवाचं बोट लावलं आणि म्हटलं, "आई, आबा नगरला आहेत. तू ये."

सिस्टरबाई जरा थांबल्या. "येते म्हनत्यात."

परतीच्या वाटेवर गाडीची मागची सीट रिकामी होती. मी एकदाही वळून बघितलं नाही.

संध्याकाळी आबा वाटीभर मऊ भात जेवले. मी भरवत होते आणि ते माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता रुळतील इथे.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. उजाडल्यावर मी काष्टीला फोन लावला. "सिस्टरबाई, आबा..."

"ठाऊक हाय, ताई," सिस्टरबाई म्हणाल्या. "मगाशीच आले दोघं. मी दार उघडलं."