दोन पासपोर्ट, एक नवरा आणि माने

व्हिसासाठी कागद जमवायला बसलो आणि जमले ते किस्सेच! म्हैसुरात चामराजपुरमच्या कॉफी हॉटेलात आमचं सकाळचं टोळकं रोज एक तरी माझ्याकडून वदवून घेतं. म्हटलं, विसरायच्या आत लिहून ठेवावेत. तपशील चुकला तर दोष माझा. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या आकड्यांवर माझा कधीच भरवसा बसला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मी अविवाहित होतो. नलिनी म्हैसूरच्या कॉलेजातली माझी वर्गमैत्रीण. लग्न करून ती आधी इंग्लंडला गेली, मग कॅनडाला. दोन्हीकडची नागरिक झाली. यजमान गेल्यावर परत येऊन म्हैसुरातच जयलक्ष्मीपुरमला राहिली. एक दिवस माझा मित्र माने निरोप घेऊन आला, "प्रोफेसर, नलिनीबाई विचारतात, लग्न करता का?" मी चार दिवस विचार केला आणि हो म्हणालो.

दोन वर्षांनी तिच्या मुलीला टोरांटोत मुलगी झाली. "आई, आता इकडेच राहायला ये," असा रोज फोन. नलिनीनं मला सांगून टाकलं, "जाऊ तर दोघं. तुम्हाला व्हिसा नाही मिळाला, तर मीही नाही जाणार."

म्हणजे माझ्यामुळे नात फोनच्या काचेतच वाढणार! तेव्हापासून माझी झोप उडाली.

* * *

पहिल्याच फॉर्मवर अडलो. बायकोचं नागरिकत्व कोणतं? ब्रिटनचंही लिहिलं तर कॅनडावाल्यांना शंका येईल, नाही लिहिलं तर लबाडी ठरेल. तीन दिवस मी पेन्सिलीनं लिहीत होतो आणि खोडत होतो.

माने म्हणाला, "अय्यो, एका रेशनकार्डासाठी माझ्या चपला झिजल्या आणि वहिनींकडे दोन देश!"

नलिनीनं पेन घेतलं आणि दोन्ही देश लिहून टाकले.

"पण आपण कॅनडातच राहणार असं लिहिलंय," मी म्हणालो. "दुसरा पासपोर्ट पाहून त्यांना वाटलं की तू मला तिथून इंग्लंडला पळवून नेशील, तर?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्हाला फाटकापर्यंत न्यायला तीन हाका माराव्या लागतात!"

* * *

मग 'आपलं नातं कसं जुळलं ते लिहा' असा एक कागद होता. मी अकरा पानं लिहिली. तळटिपा दिल्या. शेवटी सवयीनं 'मर्यादा' असा भाग जोडला: 'नमुना फक्त एका विवाहाचा असल्यामुळे निष्कर्ष सर्वसाधारण मानू नयेत.'

नलिनीनं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "परीक्षक कोण नेमलेत?"

तिनं स्वतः अर्धं पान लिहिलं. माझ्या अकरा पानांतली एकच तळटीप ठेवली. कुठली, ते अजून सांगत नाही.

* * *

नातं खरं आहे याचा पुरावा म्हणून फोनवरचे मेसेजही हवे होते. आमचे मेसेज चाळीस पानं भरले! सगळे मराठीत, तेव्हा इंग्रजी भाषांतर करून घ्यायला हवं. एक निवृत्त शिक्षक ते काम करायचे. चार दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, चाळीस पानांत प्रेमाचा एक शब्द नाही. 'पोहोचलो', 'बरं', 'गोळी घेतली का'. मी थोडं घालू का?"

मी 'विचारून सांगतो' म्हणालो. घरी येऊन नलिनीला सांगितलं.

"'गोळी घेतली का' किती वेळा आहे?"

"मोजलं नाही."

"मोजा," ती म्हणाली. "आणि मग त्यांना सांगा, काही घालू नका."

* * *

खरी पंचाईत फोटोंची झाली. आमच्या म्हैसूरच्या मराठी घरांत नवराबायको चारचौघांत खेटून उभे राहत नाहीत, मध्ये कोणीतरी वडीलधारं लागतं. आमच्या लग्नाला वडीलधारं उरलं होतं कोण? माने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते, त्यामुळे मध्ये घुसण्यात तो पटाईत! एकोणीस फोटो आणि एकोणिसांतही नलिनी, मग छाती काढून माने, मग कडेला मी.

"हे पाहून व्हिसा तुलाच देतील," मी कळवळून म्हणालो.

"सुम्ने बस, प्रोफेसर," माने म्हणाला. सुम्ने म्हणजे उगी. "मला थंडी सोसत नाही."

* * *

मुलाखतीला बेंगळूरला बोलावलं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. अधिकारी बाई आधी नलिनीशी बोलून माझ्याकडे आल्या. प्रत्येक उत्तराला मी 'बहुधा' जोडत होतो. मग त्यांनी विचारलं, "लग्नाचं आधी कोणी विचारलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी ठामपणे बोललो. "तिनं!"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नलिनीला आत बोलावलं. "तुम्ही म्हणालात, यांनी विचारलं. हे म्हणतात, तुम्ही."

म्हटलं, संपलं सगळं.

नलिनी माझ्याकडे वळली. "मी? मानेभावजी तुमचा निरोप घेऊन आले होते!"

"माझा? तो तर तुझा निरोप घेऊन आला होता!"

बाईंनी फाइलीतून लग्नाचा फोटो काढला आणि मधल्या माणसावर बोट ठेवलं.

"मिस्टर माने?"

आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली.

व्हिसा आला त्या सकाळी आम्ही दोघं कॉफी हॉटेलात गेलो आणि पासपोर्ट मानेसमोर ठेवला. "आता खरं सांग. आधी कोणी विचारलं होतं?"

मानेनं पासपोर्ट उघडला. व्हिसा उजेडात धरून नीट पाहिला. मग आमच्या दोघांच्या मधली खुर्ची ओढून बसला आणि वेटरला हाक मारली, "कॉफी! तीन!"