थरथर थांबवणाऱ्या बाई

बाई दुकानात आल्या की आधी रबर दाबून बघायच्या. अंगठा आणि बोटाच्या मध्ये तुकडा धरायचा, जोर लावून दाबायचा, सोडायचा आणि मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहायचं. मागे गिऱ्हाईक खोळंबलं तरी त्यांचं आपलं निवांत चाललेलं.

"बाई, मजबूत हाय. घ्या न," मी म्हणायचो.

"दबते तं सारंच गा. उठते कसं, ते पाहू दे."

तुमसरला माझं मिल स्टोअर आहे. राइस मिलचे पट्टे, बेअरिंग, नटबोल्ट, मशीनखाली घालायचं रबर, असा सगळा काळाकुट्ट माल. गिऱ्हाईकही तसंच, ग्रीसने माखलेल्या हातांचं. त्यांच्यात कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाई उभ्या राहिल्या की मिस्त्री लोक आपोआप बाजूला सरकत. बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हाताखालून गेलेली कुणी ना कुणी होती, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणत्या मशीनखाली लावाचं हाय?"

"रेकॉर्डप्लेअरखाली."

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. बाईंनी थट्टा केलेली आजवर कुणी ऐकली नव्हती, हे मला नंतर कळलं.

भानगड अशी होती. बाईंच्या घराच्या भिंतीपलीकडेच राइस मिल. दिवाळीनंतर नवा धान यायला लागला की मिल सकाळपासून जी सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. बाईंच्या घरातली भांडी मांडणीवर किणकिणायची, फरशी पायाला गुदगुल्या करायची. रेकॉर्डवरची सुई तर भलतीच नाजूक. फरशीची थरथर टेबलातून चढून सुईपर्यंत पोचायची आणि स्पीकरमधून गाण्याबरोबर मिलची घरघरही बाहेर यायची.

"सुईले काय समजते, गाणं कोणतं अन् मिल कोणती?" बाई म्हणाल्या. "तिले हलवलं का ती बोलते. तिची काय चूक?"

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सुईची बाजू घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून रबर घेऊन त्यांच्या घरी गेलो.

तिथे मला खरी गोष्ट कळली. बाईंच्या यजमानांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एक रेकॉर्ड आणली होती. गाणारी बाई पहिला सूर लावण्याआधी श्वास घेते, तो त्या रेकॉर्डमध्ये ऐकू येतो. यजमान दर वेळी बोट वर करून म्हणायचे, "आता घेते पाह्य." आणि श्वास यायचा. एवढंच. यजमान गेले, मग शेजारी मिल आली, आणि तो श्वास मिलच्या घरघरीत बुडाला. त्यात बाईंचे कान उतरायला लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे, आणि गेलेलं परत येणार नाही. बाईंना कान जायच्या आत तो श्वास एकदा ऐकायचा होता.

मी म्हटलं, मग मिलवाल्याला सांगा. मिलवाला भला माणूस. तो स्वतःच एकदा येऊन म्हणाला होता, "बाई, तुमी सांगान तवा बंद करतो मशीन." रात्री तर मिल बंदच असायची. पण बाईंचं म्हणणं वेगळं होतं.

"हे घर मिलच्या बाजूले हाय, तं मिलच्या बाजूलेच ऐकू आलं पाहिजे. लोकायचे तांदूळ थांबवून ऐकलं तं मी काय केलं त्यात?"

ह्या हट्टाला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालायला गेलं की आपणच खुजे होऊन परत येतो.

मग सुरू झाली बाईंची तुलना. प्लेअरच्या झाकणावर त्या पाण्याने भरलेली थाळी ठेवायच्या. मिल चालू असताना पाण्यावर बारीक वळ्या उठायच्या. प्लेअरच्या पायांखाली एक वस्तू घालायची, थाळी बघायची, मग गाणं ऐकायचं. मग दुसरी वस्तू. आधी शिवणयंत्राखालची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती झाली. मग बूच. मग माझ्याकडचं मिलचं जाड रबर, जे बाईंनी "हे हत्तीचं जोडं हाय" म्हणून साभार परत केलं. मऊ चेंडू अर्धे कापून लावले. नदीकाठच्या कारधा गावाकडून येणाऱ्या कुणाकडून वाळू मागवली, ती चाळली, वाळवली, ट्रेमध्ये भरली आणि त्यावर प्लेअर बसवला. घरात जिकडेतिकडे वाळू झाली. वळ्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत.

पुण्याच्या भाच्याने खास ह्याच कामासाठी मिळणारे पाय पाठवले. चकचकीत डबा, आत मखमल, मखमलीवर जेलचे निळे गोळे. मी हात धुऊन मगच डब्याला शिवलो. लावले, तर पाण्यावर पहिल्यापेक्षा जास्त वळ्या! मला मनातून बरं वाटलं, कारण माझं रबर नापास झालं होतं. बाई मात्र गोळा दाबून बघत बसल्या.

"वस्तू चांगली हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "पण लठ्ठ बाईच्या मापाचा ब्लाउज हाय हा. आपला प्लेअर पाप्याचं पितर. वजनच नाही, तं हे दबन कायले?"

मग वजन हवं म्हणून स्वयंपाकघरातला पाटा उचलून बैठकीत आला आणि प्लेअरखाली गेला. तिथून पुढे त्या घरातली चटणी मिक्सरमध्ये व्हायला लागली. पाट्याने निळ्या गोळ्यांची लाज राखली. वळ्या आता अगदी निरखून पाहिलं तरच दिसत. कुणीही इथे थांबलं असतं. मी तर दोनदा सुचवलंही.

बाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि मला खालच्या वस्तू बदलायला लावायच्या. कोणती वस्तू ते सांगायचं नाही. रेकॉर्ड लागली की त्या म्हणायच्या, "हे बूच. ढोल फुगून राहिला." किंवा "वाळू. बरं हाय, पण गाणं दमल्यासारखं वाटते." बहुतेक वेळा बरोबर असायचं. आणि जेव्हा कळायचं नाही तेव्हा स्पष्ट म्हणायच्या, "नाही समजलं गा. फरक असन तं तो माह्यासाठी नाही." दुकानात बसून मी आयुष्यभर माणसं बघतोय. पैसे घातलेल्या वस्तूबद्दल इतकं खरं बोलणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. हळूहळू मलाही ढोल फुगतो म्हणजे काय होतं ते ऐकू यायला लागलं. घरी बायको म्हणायची, आता पेटी घेऊन बसा एकदाचे.

मधल्या काळात बाईंच्या कानात मशीन आलं. ते कधी शिट्टी मारायचं, कधी पंखाच मोठ्याने ऐकवायचं. "हे सारं उचलते अन् सारं एकाच टोपल्यात टाकते," बाई म्हणायच्या. त्या ते काढून टेबलावर ठेवायच्या आणि उघड्या कानांनी ऐकायच्या.

शेवटी जमलं ते सायकलच्या ट्यूबवर. अर्धी हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर पाटा, पाट्यावर प्लेअर. ट्यूबमधली हवा हळूहळू उतरायची, म्हणून बैठकीच्या कोपऱ्यात पंप उभा असायचा. त्या दिवशी दुपारी पलीकडे मिल अशी पेटली होती की खिडकीची तावदानं वाजत होती. मी थाळी ठेवली. पाणी गप्प. मी वाकून, बाजूने, उजेडात बघितलं. छतावरचा पंखा त्या पाण्यात जसाच्या तसा दिसत होता. मला काय झालं कुणास ठाऊक, मी बाईंना नमस्कारच केला.

"चाल, ते लाव," बाई म्हणाल्या.

मी यजमानांची रेकॉर्ड लावली. मिलची घरघर खोलीत होती, पण गाण्याच्या मागे ती नव्हती. तिथे स्वच्छ, मोकळी शांतता होती. आणि त्या शांततेत एका बाईने श्वास घेतला. इतक्या जवळून, की मी दचकून मागे बघितलं. माझ्या अंगावर काटा आला. आज हे लिहितानाही येतो.

सूर लागला. बाई बोट वर करून बसल्या होत्या. सूर लागला तरी ते बोट तसंच होतं.

"आला का?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं, पण काय खोटं बोलायचं तेच सुचेना. "आला, बाई."

"मले नाही आला."

मी सुई उचलली. म्हटलं, ट्यूबमध्ये हवा कमी असेल, सुई बदलून बघू, कानातलं मशीन लावून बघू. बाईंनी मशीन लावलं आणि पुन्हा ऐकलं. मशीनने मिल ऐकवली, पंखा ऐकवला, श्वास ऐकवला नाही. त्यांनी ते काढून ठेवलं.

"कायले धडपडून राहिला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुले आला न? मंग काम बरोबर झालं. प्लेअरची चूक नाही, मिलची नाही. माहे कान उशिरा पोचले."

माझे डोळे भरून आले होते. त्यांचे कोरडे होते. एवढी वर्षं ज्यासाठी घालवली ते समोर आल्यावर हातचं गेलं, आणि ही बाई कुणाची चूक नाही हे आधी नीट तपासून घेत होती.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "अन् तिकडे नको पाहू. माह्याकडे तोंड कर."

मी त्यांच्या खुर्चीसमोर बसलो. शांतता आली. श्वास आला. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि ज्या क्षणी तो आला त्याच क्षणी त्यांच्या तोंडावर हसू उमटलं.

"आला," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दुकानाच्या सुट्टीला मी त्यांच्याकडे जायचो. ट्यूब फुगवायचो, थाळी बघायचो, रेकॉर्ड लावायचो आणि त्यांच्याकडे तोंड करून बसायचो. पुढे त्यांना गाणंही नीट ऐकू येईना. तरी श्वासाची जागा त्यांनी कधी चुकवली नाही. कधी मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवायचो, तर म्हणायच्या, "लबाडी नको करू गा."

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. प्लेअर, पाटा आणि ट्यूब मला द्यायची असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. माझ्या घराशेजारी मिल नाही, फरशी हलत नाही. तरी मी सगळं तसंच मांडलं आहे. सुट्टीच्या दुपारी ती रेकॉर्ड लावतो आणि समोर एक खुर्ची ओढून तिच्याकडे तोंड करून बसतो. श्वास येतो, तेव्हा माझा चेहरा त्या रिकाम्या खुर्चीला सांगतो, आला.